दादा, फ्रेमच्या बाहेर व्हा

बातमीदार माझ्याशी पहिलं वाक्य बोलला ते हे: "दादा, जरा फ्रेमच्या बाहेर व्हा."

मी झालो बाहेर. अम्माच्या घराच्या उंबऱ्यात उभा राहिलो. त्याला वाटलं, मी अम्माला स्कूटरवर इकडं-तिकडं नेणारा कुणीतरी असेन. अम्मा म्हणजे आमच्या भागातल्या तृतीयपंथी बायकांची गुरू. साठी उलटलेली, गुडघ्यांनी बेजार, पण बोलायला लागली तर समोरच्याचं तोंड बंद. त्या दिवशी बातमीदार येणार म्हणून तिनं मला सुट्टी घ्यायला लावली होती. "तू शिकलेला आहेस बेटा, तू बोल. मी बोलले की हे लोग नुसती टाळी उचलतेत," असं म्हणाली होती. आणि आता ज्यानं बोलायचं तोच दारात उभा.

अम्मा हसायला लागली. म्हणाली, "अरे, त्यालाच तर बोलवलंय. तो पण आमच्यातलाच आहे."

बातमीदारानं मला वरून खाली पाहिलं. तिशीतला पोरगा होता, वाईट नव्हता. पण त्याच्या चेहऱ्यावर फसवणूक झाल्यासारखं काहीतरी आलं. दाढी, चेक्सचा शर्ट, पायात सेफ्टी शूज. "म्हणजे कसं?" त्यानं विचारलं.

म्हणजे असं, की मी जन्मलो तेव्हा घरच्यांनी पेढे नाही, बर्फी वाटली होती. पुढची पंचवीस वर्षं ती बर्फी निस्तरण्यात गेली. आता माझं वय छत्तीस आहे. मी शेंद्र्याच्या एमआयडीसीत एका कंपनीत सीएनसी मशीन चालवतो, करमाडला भाड्याच्या खोलीत राहतो, आणि कंपनीत कुणालाही माझ्याबद्दल काही माहीत नाही. म्हणजे तेव्हा नव्हतं.

हे सगळं मी त्याला सांगितलं. अट एकच घातली: चेहरा दिसता कामा नये, आवाज ओळखू येता कामा नये. तो म्हणाला, "बिनधास्त राहा."

मग मी चाळीस मिनिटं बोललो. आदल्या दिवशी कागदावर मुद्दे लिहून आणले होते. तृतीयपंथी ओळखीच्या प्रमाणपत्रासाठी अर्ज कुठं करायचा, आधारवरचं नाव बदलताना कुठला कागद आधी लागतो, दहावीच्या मार्कशीटवर जुनं नाव राहिलं तर नोकरीत काय अडचण येते, डॉक्टरला न विचारता हार्मोनची इंजेक्शनं का घ्यायची नाहीत. माझ्यासारख्याला हे सांगणारं कुणी नव्हतं. मी एकेक कागदासाठी वर्षं घालवली होती. मला वाटलं, कुणाचं तरी एक वर्ष वाचेल.

बातमीदार मान डोलवत होता आणि मधूनमधून विचारत होता, "आधीचा एखादा फोटो आहे का? साडीतला, फ्रॉकमधला? वेणी वगैरे?"

"नाय."

"तुमचं आधीचं नाव काय होतं?"

"ते नाय सांगणार."

"बरं, ते सगळं कळलं तेव्हा आई रडली असेल ना? त्यावर थोडं बोला की."

माझी आई रडली नव्हती. तिनं माझे कपडे चुलीत घातले होते. पण ते मी त्याला का सांगू? मी परत आधार कार्डावर आलो. त्यानं कॅमेऱ्यावाल्याकडं बघितलं आणि कॅमेऱ्यावाल्यानं जांभई दिली. मग अम्माला त्यांनी आरशासमोर बसवून कुंकू लावायला लावलं. तीनदा. पहिल्यांदा उजेड चुकला, दुसऱ्यांदा मागून कुकरची शिट्टी झाली. अम्मा तिसऱ्यांदा कुंकू लावताना म्हणाली, "बेटा, मी काय दिवसभर आरशातच बघत बसते का?" तेही त्यांनी घेतलं नाही.

आठवड्यानं व्हिडिओ आला. सात मिनिटांचा. सुरुवातीला टाळी. मग क्रांती चौकातला सिग्नल, गाड्यांच्या मधून फिरणाऱ्या बायका. त्या आमच्या नव्हत्याच, कुठून तरी उचललेल्या. मग आरसा आणि कुंकू, मागं रडकं संगीत. माझे चाळीस सेकंद शेवटी. चेहऱ्यावर धुकं आणि आवाज असा, जणू विहिरीत पडलेला रेडा ओरडतोय. मी काय बोलत होतो? "समाजानं आम्हाला स्वीकारावं." बस्स. हे वाक्य मी उठताना, नमस्कार करताना सहज बोललो होतो. वर पट्टी होती: "ती झाली तो!" आणि खाली लिहिलेलं, शेंद्र्याच्या कंपनीत काम करणारा तरुण.

त्या रविवारी अम्माच्या घरी जी भांडणं झाली ती मी जन्मात विसरणार नाही. अम्माची एक चेली आहे, पंचविशीची, दिवसभर रील बनवत असते. तिला व्हिडिओ आवडला होता. "वाईट तर वाईट, पण दिसलो ना," ती म्हणाली. "दिसलंच नाय तर आपल्याला मोजणार कोण? मी त्याखाली माझा नंबर टाकला, तर दोन ठिकाणी मेकअपचं काम मिळालं."

अम्मा म्हणाली, "मैं तो सारी उम्र दिसतेच आहे गं. पूर्ण शहर बघतंय मला. दिसून काय झालं? खोली भाड्यानं द्यायला अजून पण कोणी तयार नाही."

मी म्हणालो, "तुम्ही निदान दिसता. माझ्यासारख्यांना तर कुणी धरतच नाय. तृतीयपंथी म्हटलं की साडी आन् टाळी. आम्ही काय हवेत राहतो का?"

चेली माझ्याकडं वळली. "तुला काय रे? तू शर्ट घालून कंपनीत जातोस, पीएफ कापून घेतोस. रस्त्यावर शिव्या कोण खातं? आम्ही. वर तुला तोंड पण दाखवायचं नाय आन् फोटोत पण यायचंय. असं कसं जमल?"

तिचं म्हणणं खरं होतं. म्हणूनच मला जास्त राग आला. मला हवं होतं की माझ्यासारखे लोक दिसावेत, आणि मला हवं होतं की मी दिसू नये. ह्या दोन्ही मागण्या मी एकाच तोंडानं करत होतो. मी चहा अर्धा टाकून उठलो.

बातमीदाराला फोन केला. म्हटलं, निदान ती पट्टी काढा, आणि शेंद्र्याचं नाव काढा. तो म्हणाला, "पट्टी डेस्कवाले देतात, माझ्या हातात नसतं. पण व्हिडिओ मस्त चाललाय हं." मी क्रांती चौकाजवळच्या त्यांच्या ऑफिसातही गेलो. तिथं एका बाईंनी मला पाणी दिलं, अर्ज लिहून घेतला आणि शिक्का मारून परत दिला. पट्टी आजही तशीच आहे.

कंपनीत चार दिवस काही झालं नाही. पाचव्या दिवशी चहाच्या सुट्टीत शेजारच्या मशीनवरचा भिडू माझ्यापाशी आला. आम्ही सहा वर्षं शेजारी शेजारी काम केलं. त्याच्या लग्नात मी पंगतीत वाढपी होतो. त्यानं मोबाईल पुढं धरला. चेहऱ्यावर धुकं होतं, पण मांडीवर ठेवलेला माझा डावा हात स्वच्छ दिसत होता, आणि मनगटावरचा लोखंडाची गरम चिप उडून पडलेला डागही. तो डाग पडला तेव्हा त्यानंच बरनॉल आणून लावलं होतं.

"हे तूच ना?"

"नाय," मी म्हणालो.

तो म्हणाला, "बरं."

मी वाट बघत राहिलो. आता सुपरवायझरपर्यंत जाईल, आता कुणीतरी टॉयलेटच्या दारावर काहीतरी लिहील. तसं काही झालं नाही. झालं ते इतकंच, की काल-परवापर्यंत "ए भावड्या" म्हणून पाठीत धपाटा घालणारा माणूस मला "तुम्ही" म्हणायला लागला. "तुमचं जेवण झालं का? तुम्ही आधी जा." कुणाला सांगून समजावू, की ह्या आदराचा मला किती जाच होत होता! शिवी दिली असती तर परत देता आली असती. पंधरा दिवस मी हे सहन केलं. मग एकदा त्यानं "तुम्हाला पाना लागतोय का?" असं विचारलं तेव्हा माझा बांध फुटला. "लागतोय," मी ओरडलो, "आन् तुम्ही-बिम्ही केलंस तर तोच पाना डोक्यात घालीन." तो दचकला. पाना देऊन गेला. धपाटा अजून घालत नाही, पण "तू"वर आलाय. तेवढ्यावर मी समाधान मानलंय.

त्याच सुमाराला एका रविवारी सकाळी अम्माचा फोन आला. "लवकर ये. तुझं माणूस आलंय."

"माझं कोण?"

"ये तर."

गेलो. अम्माच्या खोलीत सतरंजीवर एक बाई बसल्या होत्या. पन्नाशीच्या. काठाची सुती साडी, डोक्यावर पदर, हाताला शेतातल्या कामाचे घट्टे. बाजूला कापडी पिशवी. मला पाहून उठायला लागल्या आणि मग थांबल्या. माझ्या दाढीकडं, खांद्यांकडं, बुटांकडं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मी सोयगावकडून आलो."

आलो. आले नव्हे, आलो. अम्मानं माझ्याकडं बघितलं. मला कळलं.

म्हणून मीही पुढं "त्या" म्हणणार नाही. ते सोयगाव तालुक्यातल्या एका खेड्यातून पहाटेच्या एसटीनं आले होते. लग्न केलं नाही, भावाच्या संसारात राहिले, भावाची पोरं वाढवली. घरात सगळ्यांची आत्या. औत धरतात, विहिरीवरची मोटार दुरुस्त करतात, गावातले लोक कौतुकानं म्हणतात, आत्या म्हणजे गडीच. "ते गंमतीनं म्हणतेत," ते म्हणाले. "मला तेवढंच लई बरं वाटायचं." पुतण्यानं हसत हसत तो व्हिडिओ दाखवला, आणि ह्यांनी त्यातली अम्माच्या गल्लीची कमान लक्षात ठेवली. घरी सांगितलं, डोळे तपासायला जातो. मग विचारत विचारत इथपर्यंत.

थोड्या वेळानं ते हळूच म्हणाले, "ते इंजेक्शन घेतलं की आवाज तसा होतो का? व्हिडिओत लई भ्याव वाटलं मला."

मी कपाळावर हात मारला. "अहो, तो माझा आवाज नाय. मशीनचा आहे. हा माझा."

"हा व्हय?" ते हसले. "हा चांगलाय."

मग मी ती चाळीस मिनिटं परत बोललो. प्रमाणपत्र, आधार, डॉक्टर. ते मन लावून ऐकत होते, पण कागद लिहून द्यायला गेलो तेव्हा त्यांनी हात धरला. "नको. माझं आता काय व्हायचंय. भावजय आजारी असती, घर माझ्यावर आहे. मला फक्त बघायचं होतं, खरंच असं माणूस असतंय का. व्हिडिओत तोंडच दाखवलं नाय ना तुमचं."

मी ज्या धुक्यासाठी अट घातली होती, त्याच धुक्यामुळं हा माणूस तीन तास एसटीत बसून आला होता.

एवढ्यात चेली आतून फोन घेऊन आली. "काका, एक छोटा व्हिडिओ करू ना! लोक रडतील." मी तिच्या अंगावर धावून गेलो. "एकदा पोट भरलं नाय का तुझं?" ती पण ओरडली, अम्मा दोघांवर ओरडली. त्या गोंधळात ते शांतपणे म्हणाले, "फोटो काढा. पण ह्या लुगड्यात नको."

चेलीनं फोन खाली घेतला. तिनं त्यांना काका म्हटलेलं त्यांनी ऐकलं होतं, आणि त्यांचे डोळे भरले होते.

माझ्या गाडीच्या डिकीत कंपनीत बदलायला ठेवलेला शर्ट आणि पँट असते. पँट आखूड झाली, शर्टाची बटणं त्यांनी वरपर्यंत लावली. केसांचा अंबाडा अम्माच्या रुमालाखाली झाकून त्याचा पटका चेलीनंच बांधला, इतका नीट, की मघाचं भांडण मी विसरलो. मी माझ्या फोनवर फोटो काढला. एकच. ते भिंतीला पाठ लावून ताठ उभे होते, हात खिशात कसे घालायचे हे त्यांना आधीपासून येत होतं.

फोटो त्यांनी खूप वेळ पाहिला. "मला पाठवू नका. माझा फोन पोरं घेतेत. तुमच्यापाशी राहू द्या. कुणाला दाखवू नका."

मी त्यांना दुपारच्या गाडीत बसवून दिलं. परत साडी, परत पदर. महिन्या-दोन महिन्यांनी फोन येतो. शेतातून करतात, मोटारीचा आवाज येत असतो. एकदा नुसतं म्हणाले, "आहे ना अजून तो फोटो?" मी म्हणालो, "आहे, काका."

मागच्या महिन्यात बातमीदाराचा फोन आला. पुढचा भाग करायचाय म्हणाला. "तुमच्यावरच्या भागाला लई प्रतिसाद होता. आता ग्रामीण पाहिजे. तुमच्यासारखंच, पण खेड्यातलं, जरा वयस्कर. असं कुणी आहे का ओळखीत?"

"नाय," मी म्हणालो. "पण आधार कार्डावरचं नाव कसं बदलायचं ते सांगू का? या वेळी ते दाखवा."

"त्याला लोक बघत नाहीत हो," तो म्हणाला.

मी फोन ठेवला आणि मशीन चालू केलं.