मावशींचं नाक

"उडू दे आधी," मावशी म्हणायच्या. "मागं काय ऱ्हातंय ते बघू."

तळव्यावर पांढऱ्या रमचे चार थेंब घ्यायच्या, दुसरा तळवा त्यावर घासायच्या आणि तशाच उभ्या राहायच्या. दारूचा भपकारा ओसरला की मग हात नाकाशी न्यायच्या. जिभेला मात्र थेंब लावायच्या नाहीत. जन्मात लावला नव्हता.

कोल्हापुरात माझं छोटं हॉटेल आहे, परमिट रूमवालं. मावशी तिथं लिंबं चिरायच्या, पुदिना निवडायच्या. चार-पाच वर्षांपूर्वी नवी पोरं मोहितो, म्हणजे लिंबू-पुदिना घातलेली रम, मागायला लागली आणि मला स्वस्तातली पांढरी रम शोधावी लागली. महागडी घातली असती तर तो ग्लास आमच्या गिऱ्हाइकाला झेपला नसता. विक्रेते नमुने आणायचे, मी चाखायचो, आणि दोन नमुने झाले की मला सगळ्याच चांगल्या लागायच्या. तुम्ही हसाल, पण या धंद्यात ही मोठी अडचण आहे.

एकदा वैतागून तीन वाट्या मावशींपुढं ठेवल्या. पहिलीला म्हणाल्या, "दवाखान्यात सुई टोचायच्या आधी लावत्यात, ती ही." दुसरीला म्हणाल्या, "हिच्यात सेंट घातलाय." तिसरीला जरा थांबल्या. "हिला काकवीचा वास हाय. लिंबू-साखर घाला, दबायची न्हाय." त्यांचं लहानपण गुऱ्हाळावर गेलं होतं, आणि रम शेवटी उसाचीच, उसाबद्दल त्यांना कुणी काही सांगायची गरज नव्हती. लिंबू, पुदिना, सोडा घालून मी प्यायलो. मागून खरंच उसाची गोडी येत होती. आणि तीच तिन्हींत स्वस्त निघाली.

मग काय, मला चेव चढला. जो येईल त्याला मावशींचं नाक दाखवायला लागलो. एका विक्रेत्यानं विचारलं, "मावशी, हे शिकलासा कुठं?"

"दारात," मावशी म्हणाल्या. "नवरा घरी यायचा तवा तोंडाच्या वासावरनंच वळखायला लागायचं, आज झोपतोय का मारतोय."

आणि लिंबं चिरायला गेल्या. विक्रेत्यानं बाटल्या पिशवीत भरल्या. पण त्यांच्यापुढं वाट्या ठेवायचं मी थांबवलं नाही, हेही सांगायला पाहिजे.

नवरा दारूनंच गेला. मुलगा त्याच वाटेला लागला होता, तो कसाबसा सावरला होता. आठ महिने थेंब घेतला नव्हता. मायलेकांचं ठरलेलं होतं: संध्याकाळी कामावरून आला की त्यानं दारातच तोंड पुढं करायचं, मावशींनी वास घ्यायचा, मगच आत. म्हणून घरी निघताना त्या लिंबाच्या सालीनं कोपरापर्यंत हात घासायच्या. "हितला वास घरी नको," म्हणायच्या.

त्या दिवशी त्या हात धुऊन निघाल्याच होत्या. विक्रेता उशिरा उगवला. मी हाक मारली, "मावशी, एवढी एकच बाटली."

"हात धुतल्यात की वो."

"अहो, दोन मिनिटांचं काम."

बाहेर मावशींच्या गावाची, उचगावची वडापची जीप शिटं भरत हॉर्न वाजवत होती. विक्रेत्यानं घाईत चार थेंबांऐवजी ओंजळभर ओतली. मावशींनी हुंगलं, "सेंटवाली हाय, नको," म्हणाल्या आणि पदराला हात पुसत जीपकडे पळाल्या.

घरी मुलगा आला. मावशी पदर सावरत पुढं वाकल्या आणि वास आला.

"प्यालास."

"न्हाय, आई."

त्यांनी त्याच्या मुस्काटात मारली.  त्यानं दोन कपडे पिशवीत कोंबले आणि कबनूरला मित्राकडे निघून गेला. मित्र तिथं यंत्रमागावर कामाला होता.

सकाळी साडी धुवायला घेतली तेव्हा मावशींना पदराचा वास आला. तशीच साडी पिशवीत घालून त्या हॉटेलात आल्या आणि पदर माझ्यापुढं धरला. "पोरगं खरं बोलत हुतं," म्हणाल्या. "आता त्येनं का पिऊ नये, सांगा की."

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. दोन मिनिटांचं काम माझं होतं, हौस माझी होती. मला माझीच लाज वाटली.

मोटारसायकलवर मागं बसवून मी त्यांना कबनूरला नेलं.  तिथं मागांचा खडखडाट चालू होता. निरोप गेल्यावर मुलगा बाहेर आला; सकाळपासून मित्राबरोबर मागावरच होता, केसांत सुताचा भुगा. आईला बघून तो थबकला, मग जवळ येऊन रोजच्यासारखं तोंड पुढं केलं.

"घे वास."

मावशींनी मान फिरवली. "न्हाय. तू सांग. तू सांगशील त्येच खरं."

त्यानं केसांतला भुगा झटकला. "तू मारलंस तवा न्हवतो प्यालो," म्हणाला. मग खाली बघत म्हणाला, "रात्री प्यालो."

 मावशींचा चेहरा हलला नाही.

"आज?"

"आज न्हाय."

"बरं," मावशी म्हणाल्या. पायरीवर बसल्या, त्याला हाताला धरून शेजारी बसवलं. मग माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "तुमी जावा मालक. मी हितंच ऱ्हाणार."