मस्कतच्या वाटेवरचं क्रॉसिंग

चुडाव्याच्या शाळेत मी बावीस वर्षं भूगोल शिकवला. विमान मात्र पाहिलं ते खालूनच, तेही मान वर करेपर्यंत निघून गेलेलं. तरी गावात कुणाला लांबचं काही विचारायचं असलं की माझंच दार, आणि ‘माहीत नाही’ हे शब्द माझ्या तोंडून कधी निघाले नाहीत.

सत्याऐंशीच्या मे महिन्यात कडूबाई आली. नवरा वारल्यावर ऊसतोडीला जाऊन तिनं एकुलत्या वैजीनाथला वेल्डिंग शिकवलं होतं. आता तो मस्कतला निघाला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला मुंबईच्या सहार विमानतळावरून विमान होतं.

“गुरुजी, पोरगं तितं कवा उतरंल? तवर मी घर झाडनार न्हाई, पान्याचा थेंब घेनार न्हाई.”

निघालेला माणूस पोचेपर्यंत घर झाडायचं नाही ही आमच्याकडची रीत. पाण्याची अट तिनं पदरची घातली होती.

मी नकाशावर मुंबईपासून मस्कतपर्यंत दोरा ताणला. सोळाशे किलोमीटर भरले. विमानाचा वेग पुस्तकात होताच. चढणं-उतरणं धरून अडीच तास झाले. इथंच थांबलो असतो तर शहाणा ठरलो असतो. पण माझा सगळा जन्म पूर्णेच्या पॅसेंजरमध्ये गेलेला. सुटायला उशीर धरला, इंजिनाला पाणी धरलं, समोरच्या गाडीचं क्रॉसिंग धरलं, स्टेशनाबाहेर औटरच्या सिग्नलला तासभर उभं राहणं तर धरावंच लागतं. समुद्रावर कसलं क्रॉसिंग, हा प्रश्न भूगोलाच्या मास्तरला पडला नाही.

“सहा तास. चारला उतरंल,” मी ठासून सांगितलं.

घड्याळ माझ्याकडं, म्हणून ती दुसऱ्या दिवशी दहापासून माझ्याच ओट्यावर बसली. ऊन मरणाचं. दोनच्या सुमारास तिला भोवळ आली, तिनं भिंतीला डोकं टेकलं. माझी बायको कमलबाई तांब्या घेऊन धावली.

“आवो, आता तरी उतरलं म्हना की!”

“अजून औटरला असंल,” मी म्हणालो.

बरोबर चारला मी उभा राहिलो आणि स्टेशन मास्तरच्या थाटात म्हणालो, “उतरलं!” तिनं अख्खा तांब्या घटाघटा संपवला आणि घर झाडायला गेली.

तीन आठवड्यांनी वैजीनाथचं पत्र आलं. तिला वाचता येत नव्हतं, वाचणारा मीच. ‘माय, अडीच तासात पोचलो. नाष्टा संपतो न संपतो तोच मस्कत आलं.’ मी खुशाल ‘सहा तासात’ असं वाचलं. ती समाधानानं हसली, आणि मला भिंतीला टेकलेलं तिचं डोकं आठवलं. लाज वाटली, खरंच लय लाज वाटली. मी ती ओळ परत वाचली, या वेळी होती तशी.

“मावशी, चुकलं माझं. साडेतीन तास तुमाला उगंच पान्यावाचून ठिवलं.”

तिनं पत्र माझ्या हातातून घेतलं.

“म्हंजी तो साडेबारालाच परमुलखात गेला,” ती म्हणाली. “तुमच्या हिशेबानं चारपर्यंत तरी वाटंवर होता. बरं झालं.”

तिनं पत्र घडी करून कनवटीला खोचलं आणि ओटा उतरली. मग मागं वळली.

“पन गुरुजी, येतानाचा हिशेब तुमी करू नका. येताना त्याला अडीच तासातच येऊ द्या.”