फळीवरचा निकाल

प्रताप नगरच्या घरात आता मी एकटाच. काल डाळ सांडली म्हणून फळीवरचे डबे काढले, तर खाली अंथरलेला विद्यापीठाच्या कॉम्प्युटरचा कागद दिसला. पिवळा, कडेला भोकं असलेला. हिंगाच्या वासाखाली प्रिंटरच्या रिबनच्या शाईचा वास अजून होता.

मी तिथं नोकरीला होतो तेव्हा परीक्षेच्या निकालाचा प्रोग्राम माझा. चाचणीचे वाया गेलेले कागद मी घरी आणायचो आणि माझी बायको विमल ते फळ्यांवर अंथरायची. हा कागद अंथरताना ती मध्येच थांबली.

"काहो, या पोट्ट्याले शून्य मिळालं, म्हणजे तो पेपरले आला होता ना? मंग त्याच्यापुढं गैरहजर काहून लिहिलं?"

"तुले काय समजते त्यातलं?" मी खेकसलो.

पण ती उठून गेल्यावर मी तो कागद पुन्हा पाहिला. रिकामा रकाना आणि शून्य माझ्या प्रोग्रामला सारखेच दिसत होते. दुसऱ्या दिवशी निकाल छापायच्या आत मी गुपचूप दुरुस्ती केली. निकाल बिनचूक लागला म्हणून साहेबांनी पाठ थोपटली. घरी मी काहीच बोललो नाही.

विमलला जाऊन तीन वर्षं झाली. काल कागद तसाच ठेवला, डबे तिच्याच क्रमानं लावले आणि रिकाम्या स्वयंपाकघरात मोठ्यानं म्हणालो, "तुयंच बरोबर होतं वं."