अठराचा आकडा

फ्राउक्ये शेणावर बोलायला लागली की समोरच्याची कॉफी निवायची, पण हिचं थांबायचं नाव नसे. फ्रीसलंड या डच प्रांतातल्या आपल्या गोठ्यात साठ गायी सांभाळणारी ही पन्नाशीची बाई. रोज सकाळी गमबूट घालून ती शेणाच्या पोवर पाय ठेवायची आणि हळूच उचलायची. शेणानं बूट जरा धरून ठेवला, तर खाणं नीट पचलंय. सहज सुटून शिंतोडे उडाले, तर गाय गरजेपेक्षा जास्त प्रथिनं खातेय. जास्तीचं सगळं शेणामुतावाटे शेतात आणि शेतातून पाण्याच्या चरात. घरामागचा तिचा चर शेवाळानं इतका माजला होता, की बदकंसुद्धा वळसा घालून जायची.

म्हणून तिनं प्रथिनांनी भरलेली सोयापेंड निम्म्यावर आणली आणि मक्याचा मुरघास, म्हणजे मुरवलेला हिरवा चारा, वाढवला. ऐंशीला टेकलेले तिचे वडील वोब्बे भडकले. चाळीस वर्षं गव्हाणीत पेंड घालणारा हात त्यांचाच होता.

"गायींना उपाशी ठेवून पाणी स्वच्छ करतेस होय गं?"

"डॉक्टरांनी तुमचं लोणी कमी केलं बाबा, तेव्हा तुम्ही मेलात का?"

"मेलो नाही, पण जगण्याची चव गेली!"

गावातले आठ शेतकरी दर महिन्याला कुणाच्या तरी स्वयंपाकघरात जमून डेअरीतून येणाऱ्या एकमेकांच्या दुधाच्या चिठ्ठ्या वाचत. त्यांवर दुधातल्या युरियाचा आकडा असतो. तो जेवढा मोठा, तेवढं प्रथिनांतलं नत्र मुताबरोबर वाया. फ्राउक्येचा सव्वीस होता. एप्रिलच्या बैठकीत तिनं टेबलावर थाप मारली. "ऑगस्टपर्यंत अठरा करून दाखवते, तेही दूध कमी न होता. नाही जमलं, तर पेंडीच्या कोठीची किल्ली बाबांना परत."

"वोब्बे, किल्लीसाठी खिळा ठोकून ठेव रे!" शेजारचा एल्त्ये कोपऱ्यात बसलेल्या तिच्या वडिलांना म्हणाला.

मे महिन्यात आकडा बावीसवर आला. जूनमध्ये चोवीस झाला, जुलैत पंचवीस. फ्राउक्येची झोप उडाली. ऑगस्टच्या बैठकीच्या दिवशी सकाळी ती बूट घालून एकेक पो तपासत निघाली. खिडकीकडच्या रांगेत शेण छान. भिंतीकडच्या रांगेत मात्र आमटीसारखं पातळ. घरी परत आली तर दारात वडिलांचे लाकडी जोडे, आणि त्यात पिवळी पेंड सांडलेली. घरचा भेदी घरातच! तिचं डोकं सणकलं, पण या वेळची बैठक तिच्याच घरी होती आणि तेवढ्यात मंडळी येऊन ठेपली.

गुलाबी साखरेच्या थराचा केक मधोमध ठेवला होता. एल्त्येनं चिठ्ठी वाचली. "पंचवीस!"

सगळे खो खो हसले. खरं काय ते फ्राउक्येच्या अगदी ओठांवर आलं होतं, पण सगळ्यांसमोर बापाची अब्रू काढणं तिला जमेना. तिनं किल्ली काढून वडिलांपुढे ठेवली.

म्हाताऱ्यानं ती परत तिच्याकडे सरकवली. "हिची चूक नाही, माझी लबाडी आहे. रोज पहाटे मी भिंतीकडच्या रांगेला पेंड घालतो. दुसरी चावी आहे माझ्याकडे."

"अरे, पण कशाला?" एल्त्येनं विचारलं.

"पेंड घालायचं काम गेल्यापासून मी गोठ्यात शिरलो, तर एकही गाय मान वळवून बघत नाही रे."

कुणीच हसलं नाही. फ्राउक्येचा सकाळपासूनचा राग कुठल्या कुठे गेला, आणि हे आपल्याला आधी कसं दिसलं नाही, याची लाज तेवढी उरली. तिनं केकचा मोठा तुकडा त्यांच्या ताटलीत ठेवला.

"ती दुसरी चावी आधी इकडे द्या. उद्यापासून बीटाचा चोथा तुम्ही घालायचा. गोड असतो, गायी वेड्या होतात त्यासाठी. आणि प्रथिनं नावापुरती."

आकडा अठरावर यायला नोव्हेंबर उजाडला, आणि एल्त्येनं त्यावरूनही चिडवलंच. पण फ्राउक्येनं मनात जपली ती बैठकीनंतरची सकाळ. वडील बादली घेऊन आत शिरले, तेव्हा ती मुद्दाम दाराबाहेरच थांबली. गायींच्या सगळ्या माना त्यांच्याकडेच वळायला हव्या होत्या, आणि वळल्याही.