साडूभाऊंचा शाकाहारी गळ

मासे पकडण्याचे जेवढे मार्ग जगात आहेत, तेवढेच न पकडण्याचेही असतील, आणि त्या दुसऱ्या शास्त्रात माझ्या साडूंचा हात धरणारा माणूस अख्ख्या आखातात झाला नाही.

नव्वदच्या दशकात आम्ही दोघे बहारीनला, गुदैबियातल्या एकाच इमारतीत राहत होतो. आमच्या बायका सख्ख्या बहिणी, माहेर रत्नागिरीचं, म्हणजे ताटात मासा नसेल तर जेवण झालं असं न मानणाऱ्या. मी कोकणातलाच, त्यामुळे थोरलीचं निभावलं. धाकटी पडली पुण्याच्या शाकाहारी घरात. साडू वाईट नव्हते, नुसते तत्त्ववादी होते, आणि ते जास्त त्रासाचं असतं. बायकोला मासा हवा हे त्यांना मान्य होतं, पण तो विकत आणायला ते तयार नव्हते. विकतचा मासा म्हणजे दुसऱ्याकडून करवून घेतलेलं पाप. करायचंच तर आपल्या हाताने करावं, असं त्यांचं म्हणणं. मेहुणीही त्यांना शोभेलशीच. "ह्यांनी पकडून आणलेलाच खाईन," अशी शपथ घेऊन बसली. शुक्रवारी दोघं जेवायला आमच्याकडे, त्यामुळे ऐन सुट्टीच्या दिवशी आमच्याही घरात वांग्याची भाजी शिजू लागली. यात माझा काय गुन्हा होता, ते मला अजून कळलेलं नाही.

गळाला कोळंबी लावणं त्यांना पटत नसे. एका जिवासाठी आणखी एक जीव कशाला? ऑफिसातल्या एका अमेरिकन माणसाने मायदेशी परतताना त्यांना मऊ प्लॅस्टिकच्या गांडुळांची पाकिटं दिली. तिकडच्या तळ्यांत बास नावाचा मासा असतो, तो म्हणे त्यांना भुलतो. ती जांभळी, चकाकती गांडुळं पाहून साडूंना अहिंसेचा मार्गच सापडला. मग पाकिटावरच्या बारीक अक्षरांत त्यांनी वाचलं की गांडुळांना माशाचं तेल चोळलेलं आहे. झालं. दर गुरुवारी संध्याकाळी हा गृहस्थ भांड्यांच्या साबणाने एकेक गांडूळ घासून टॉवेलवर वाळत घालू लागला. ते तेलच माशाला बोलावतं, हे मी सांगून पाहिलं. "साडूभाऊ," ते म्हणाले, "फसवायचंच तर निदान शुद्ध वस्तूने फसवावं." 

शुक्रवारी पहाटे बेल वाजे आणि पाठोपाठ साडूंची "यल्ला", म्हणजे चला, अशी हाक येई. गाडी अर्थात माझी. सित्र्याच्या पुलाजवळच्या खडकांवर आम्ही ऊन असह्य होईपर्यंत बसायचो. शेजारी बसणाऱ्या म्हाताऱ्या बहारीनी कोळ्याने एकदा ते गांडूळ हातात घेऊन हुंगलं, "मफी समक," म्हणजे मासा मिळायचा नाही, असं सांगितलं आणि आपल्या टोपलीतले दोन मासे पुढे केले. साडूंनी नम्रपणे हात जोडले. मी मात्र परत जाणाऱ्या त्या माशांकडे पाहत राहिलो.

एका उन्हाळ्यात पाकिटं माझ्या गाडीत राहिली आणि सगळी गांडुळं वितळून डॅशबोर्डला चिकटली. सीटखाली सावलीत पडलेलं एकच पाकीट वाचलं, तेही न धुतलेलं. खडकांवर साबण कुठला? नाइलाजाने साडूंनी तेलकट गांडूळ गळाला लावलं आणि थोड्याच वेळात हामूर मासा लागला. वीतभरच, पण चांगला तडफडणारा. साडूंचा चेहरा पांढराफटक पडला. आता याला मारायचं कोणी, हा प्रश्न इतक्या शुक्रवारांत त्यांना सुचलाच नव्हता. शेवटी बादलीत समुद्राचं पाणी भरून, ती मांडीवर धरून ते घरी आले.

मेहुणीने आधी बादलीत पाहिलं, मग नवऱ्याकडे. तिने चपला घातल्या. पुन्हा सित्रा, पुन्हा माझीच गाडी. गुडघाभर पाण्यात जाऊन तिने बादली हळूच कलती केली.

"तुम्ही पकडलात, मी सोडला. शपथ फिटली," ती म्हणाली. "आता मला भूक लागलीय."

गुदैबियातल्या खानावळीत तिने तळलेला मासा मागवला. विकतचं पाप साडू त्या दिवशी विसरले. तिची ताटली आपल्याकडे ओढून ते काटे काढायला बसले. येत होतं कुठे? काट्यांपेक्षा मासाच जास्त बाजूला टाकत होते, आणि ती ते टाकलेलं उचलून समाधानाने खात होती. मला त्या माणसाचा इतका राग आणि इतकी माया एकदम कधी आली नव्हती.

पुढे ती दोघं पुण्याला परतली. डॅशबोर्डवरचा जांभळा डाग गॅरेजवाला खरवडून देत होता, मी नको म्हटलं. शुक्रवारी मला पहाटेच जाग यायची, बेल काही वाजायची नाही. दुपारी पानात सुरमई असायची. एका शुक्रवारी मीच हिला म्हणालो, आज वांग्याची भाजी कर.