पाठीवरचं कुंकू

लिमये डाक्टर, कुलकर्णी सिस्टर, रतन, रतनची सासू धोंडाक्का आन मी काशीबाई, दवाखान्यातली आया. सांगलीच्या कातडीच्या दवाखान्यात त्या दिवशी खोलीत आमी एवढीच हुतो. भाईरच्या बाकड्यावर लय पेशंट हुते, पर धोंडाक्काचा आवाज ऐकून ते आपलं दुखणं इसरून दारात गोळा झाले.

"रगतपितीच हाय न्हवं? सरळ सांगा," धोंडाक्का म्हणाली. "माझा ल्योक मिल्ट्रीत हाय. दिवाळीला सुट्टीवर येतुय. त्येच्या आदी हिला म्हायेरी नेऊन घालती."

रतन खाली बघून हुबी. लगीन होऊन वरीस झालं नव्हतं. कपाळ लालभडक, कुंकवाच्या जागी पाणी सुटलेलं.

डाक्टरनं तिला डोळं मिटाय लावलं आन कापसाचं टोक कपाळाला लावलं. रतन "आई गं!" करून अशी वरडली, की दारातली माणसं मागं सरली.

"रक्तपितीत, म्हणजे कुष्ठरोगात, कातडीला कळायचं बंद होतं," डाक्टर म्हणाले. "हिला जरा जास्तच कळतंय. हा कुंकवाचा त्रास आहे."

"मग आमाला का न्हाई त्रास? एकाच करंड्यातलं कुंकू. घरातल्या समद्या बाया लावत्यात."

डाक्टर खुर्चीतनं उठलेच. "अगदी बरोबर! हाच प्रश्न मला पडलाय!"

"आत्ता गं बया! डाक्टरलाबी म्हाईत न्हाई. चल गं रतन घरला."

सिस्टरनं दार अडवलं म्हणून बरं. डाक्टरांचा तवा रिसर्च चालला हुता. म्हंजी एकाच वस्तूनं धा जणींतल्या एकीचीच कातडी का पेटती, त्येचा शोध. ज्यो घावल त्येच्या नाकाशेजारी ते आंबट पाण्याचा थेंब लावायचे. दह्यात जी आंबट असती तीच वस्तू. काहींना चुरचुरायचं, काहींना काय बी न्हाई. मला लावला तवा मी फडकं मारत हुते, ती मारतच राह्यले. "काशीबाई, तुमची कातडी म्हणजे ताडपत्री," डाक्टर म्हणाले. दुष्काळात मी वाईकडं खडी फोडली, मालक गेल्यावर ऊस तोडला. उसाच्या पाल्यानं हातावर रेघा उठायच्या, तरी सांजच्याला त्याच हातानं भाकरी थापायची. कातडी त्यानं जाड झाली का जल्मजात जाड, ते काय त्येंनी सांगितलं न्हाई.

रतनला आदी मलम दिलं. कुंकू बंद. कपाळ निवळस्तवर पोरगी पदर फुडं वढून फिरली. मग प्याच लावायचा ठरला. प्याच म्हंजी ज्या वस्तूचा संशय हाय ती कणभर पाठीवर ठिवायची आन वरनं चिकटपट्टी मारायची. दोन दिस पाणी लावायचं न्हाई. एका पट्टीखाली बाजारचं कुंकू, दुसरीखाली हळदीचं घरी केल्यालं. सिस्टरनं पट्टीवर शाईनं खुणा केल्या. ताडून बघाय धोंडाक्काच्या पाठीवर बी तसंच लावलं. ती सारखी कुरकुरत हुती, पर आमाला वाटलं पट्टी चावत आसंल.

दोन दिसांनी दोघी आल्या. दोघींच्या कपाळावर चिकटपट्ट्या.

सिस्टरच्या हातातला ट्रे खाली पडला.

"हे काय केलंत?" डाक्टर वरडले.

"तुमी काय केलं ते बोला! सवाष्णीचं कुंकू पाठीवर? ल्योक तिकडं बंदूक घिऊन हुबा, आन हितं त्येच्या बायकूच्या कुंकवाला पाठ दावायची? घरी गेल्या गेल्या काढलं आन जागच्या जागी लावलं. पाणी न्हाई लावलं हां. शब्द पाळला."

"अहो, म्हणून दोघींनी कपाळावर?"

"यस्टीत कंडाक्टर म्हणाला, सासू-सुनंनी एकमेकीला टकरा घातल्या का काय! समदी गाडी हसली. आता सोडवा ह्ये."

डाक्टरनं डोसक्याला हात लावला. सिस्टरनं पट्ट्या सोडल्या. धोंडाक्काचं कपाळ साफ, धुतल्याल्या पाट्यावानी. रतनच्या कपाळावर बाजारच्या कुंकवाखाली गांधी उठल्याली, आन घरच्या कुंकवाखाली काय बी न्हाई.

मग डाक्टरला हसू फुटलं. तरी पाठीवर नियमानं परत लावायचंच म्हणून ते अडून बसले, आन ह्या बारीला दोघींना वार्डातच ठिवून घेतलं. धोंडाक्काच्या पाठीवर ध्यान ठिवाय मला बसवली. निकाल त्योच आला.

डाक्टरनं समजावलं, "दुधावर साय असते ना, तशी कातडीवर असते. कुणाची जाड, कुणाची पातळ. पातळ असली की बाजारच्या कुंकवातला रंग आत शिरतो आणि आतलं शरीर त्याच्याशी भांडायला उठतं. काही वेळा हे आईबापाकडूनच येतं."

"म्हंजी हिच्या आईची चूक!"

"चूक नाही हो, ठेवण. नाक येतं तसं."

धोंडाक्कानं इचारलं, "रोग न्हाई?"

"नाही."

"एकमेकाला लागत न्हाई?"

"नाही. बाजारचं कुंकू बंद करा, घरचं लावा. आणि हिला माहेरी धाडू नका."

रतननं पयल्यांदा मान वर केली. धोंडाक्कानं काय कबूल केलं न्हाई, नुसती "चल" म्हणाली. पर भाईर बाकड्यावरच्या एका बाईनं "काय झालं ओ सुनंला?" म्हणून इचारलं, तर धोंडाक्का तोऱ्यात म्हणाली, "कातडी नाजूक हाय. बाजारचं काय बी चालत न्हाई तिला."

दिवाळीनंतर रतन नवऱ्याला घिऊन दवाखान्यात आली. कपाळावर मोठं कुंकू, कातडी निवळ. डाक्टरनं आंबट पाण्याची बाटली काढून त्या मिल्ट्रीवाल्याच्या नाकाशेजारी थेंब लावला. गडी टुणकन उडाला. रिसर्चमदी त्येची बी भर पडली. कातडी हुद्दा बघत न्हाई, एवढं मला तवा कळलं.

तुमी ज्यानं कुणी ह्ये वाचलं, त्येंला एकच सांगणं हाय. घरात कुणाचं तोंड लाल झालं, खाजाय लागलं, तर त्या माणसाला वायलं काढू नका. आदी डाक्टरला दावा.