माझ्या जॅकेटला बेटावर बंदी होती

मेलेल्या माणसाचा हेवा करू नये म्हणतात.
मी करते.

अनघाला जाऊन आज वर्ष झालं. सकाळपासून तुम्ही सगळे तिचे फोटो टाकताय. अनघा आणि पक्षी. अनघा आणि बर्फ. अनघा आणि आणखी बर्फ.
माझ्याकडे तसला फोटो नाही. मी डब्लिन, ओहायो सोडून फारशी कुठे गेलेच नाही.

आम्ही दोघी एकाच कॉलेजातून केमिस्ट्री करून एकाच वर्षी इथे आलो. मार्क मला जास्त होते.
(हे तिच्या वर्षश्राद्धाला लिहावंसं वाटतंय, यावरून काय ते समजा.)

मग ती दर उन्हाळ्यात आर्क्टिकमधल्या बेटांवर समुद्रपक्ष्यांची अंडी तपासायला जायला लागली.
आणि मी कापडावर पाणी ठरू नये म्हणून लावतात त्या कोटिंगवर काम करायला लागले.

मंडळाच्या गणपतीत सगळी पोरं तिच्याभोवती. माझ्या इराने कॉलेजसाठी एसे लिहिला, "द वुमन हू इन्स्पायर्स मी."
अनघामावशीवर.
मी तेव्हा इराचा डबा भरत होते.

तरी अनघाच्या पन्नाशीला मी तिला जॅकेट दिलं. आमच्याच कोटिंगचं. माझ्या हातचं म्हणा ना.
"भारी आहे गं! पण बेटावर नाही घालता यायचं."
"का?"
"तिथे जुनं सुती लागतं. खूप वेळा धुतलेलं. तुझा एखादा जुना कुर्ता आहे का?"

नवं जॅकेट देणाऱ्या बाईकडे जुने कपडे मागितले तिने!
बोहारीण तरी बदल्यात भांडं देते.
मी एक निळा कुर्ता दिला. मुद्दाम विटका बघून.

कारण पुढच्या हिवाळ्यात कळलं. माझ्याच किचनमध्ये, माझ्या नॉनस्टिक कढईतले पोहे खाताना.
"मी अंड्यांत जे शोधते ना, ते तुझ्या जॅकेटवरच असतं. बाहीवरून सॅम्पलमध्ये गेलं, तर पक्ष्यातलं कुठलं आणि तुझं कुठलं, कळणार कसं?"
"आणि सापडतं?"
"दरवर्षी. ते विरतच नाही, अगं. वाऱ्याबरोबर, पाण्याबरोबर तिथवर पोचतं. माशांत जातं, मासे खाणाऱ्या पक्ष्यांत साठतं. मग आईकडून अंड्यात."

शरम वाटायला हवी होती. वाटली, पण दुसऱ्या दिवशी.
त्या क्षणी वाटला तो हेवाच. इतकी वर्षं राबून माझ्या नावावर एक पेपर नाही, आणि तिच्या पेपरात माझं अख्खं करिअर एका टेबलमध्ये मावलेलं.
वर नाव तिचं.

"मग फेकून दे ते जॅकेट," मी म्हटलं.
"का? तू दिलंयस."
आणि पोह्यांवर लिंबू पिळत म्हणाली, "तिथे फुल्मार म्हणून एक पक्षी आहे. कुणी प्रेमाने जवळ गेलं तरी आधी घाणेरडं तेल थुंकतो. मला दरवेळी तुझी आठवण येते."

तुझा माझ्यावर राग आहे का, एवढं विचारायचं राहून गेलं.
नाही म्हणाली असती. मग मला त्या मोठेपणाचाही हेवा वाटला असता.

परवा तिच्या लॅबमधली मुलगी एक खोकं देऊन गेली.
आत जॅकेट. बाह्या झिजून दोरे निघालेले.
ती मुलगी म्हणाली, बोटीवर अनघाच्या अंगात कायम हेच असायचं. बेटावर उतरायच्या आधी काढायची, आंघोळ करून लोकरीच्या कपड्यांवर कुर्ता घालायची. परत आली की पहिल्यांदा जॅकेट मागायची.

त्याखाली निळा कुर्ता. छातीवर तेलाचे डाग, आणि जन्मात न जाणारा वास.

इराने तो झटकन उचलला. पुढच्या आठवड्यात अनघाच्या लॅबबरोबर तीच त्या बेटावर चाललीय.
"मम्मा, धिस वन इज माइन. अँड नो सॉफ्टनर, ओके? इट रुइन्स द सॅम्पल्स."

मुलगी माझी. कुर्ता माझा. आणि निघाली अनघाच्या पक्ष्यांकडे.

काल कुर्ता हाताने धुतला, नुसत्या पाण्यात. मग जॅकेट नळाखाली धरलं.
पूर्वी थेंब मोत्यांसारखे घरंगळायचे. काल पाणी सरळ आत मुरलं.
कोटिंग उडालंय.
कुठे गेलं, ते शोधायलाच इरा चाललीय.

अनघा, श्रद्धांजली भावपूर्णच आहे.
कुठला भाव, ते तुला सांगायला नको.